थेंबातली आबोली: थेंबाची कड स्पष्ट येते, आतलं फूल का येत नाही?

कुळागरातली | २२ फेब्रुवारी, सकाळी १०:१५

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज अडले म्हणून धागा काढतेय. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या थोडं पलीकडे आमचं घर. घरामागे कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग. फाल्गुन लागला की इथे सगळं एकदम फुलतं. सुरंगीच्या जून फांद्यांना कळ्यांचे झुबके चिकटतात, काजूला मोहोर असतो, करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या होतात. अंजनीच्या फांद्यांवर तर कुणी जांभळ्या-निळ्या रंगाचा चुरा भुरभुरल्यासारखं वाटतं. गेले तीन आठवडे रोज सकाळी उजाडता उजाडता कॅमेरा घेऊन खाली उतरते. ऊन पोफळींच्या शेंड्यांवरून खाली यायच्या आत जे मिळेल ते मिळेल, नंतर थेंब राहत नाहीत.

पायरीच्या कडेला आबोलीचा वाफा आहे. त्याच्या पुढ्यात गवत वाढतं, ते मी मुद्दाम उपटू देत नाही. पहाटे त्या पात्यांच्या टोकांना थेंब लोंबत असतात. पोटावर झोपून कोन जुळला की थेंबात मागची आबोली दिसते, पण उलटी. आबोलीचं फूल म्हणजे खाली उघडलेला पंखा, थेंबात तो वर उघडलेला दिसतो. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी दहा मिनिटं फोटो न काढता नुसती बघत राहिले होते.

आता अडचण. थेंबाची कड, पात्याचं टोक, त्यावरची बारीक लव हे सगळं स्पष्ट येतं, पण आतली आबोली धूसर (प्रकाशचित्र, म्हणजे प्रचि १). कॅमेरा केसभर मागेपुढे करत राहिले की कधीतरी आबोली लख्ख येते, मग थेंबाची कड पसरते आणि पातंही जातं (प्रचि २). दोन्ही एकत्र एकदाही नाही. कॅमेरा साधा, लहान सेन्सरचा (एपीएस-सी), २४ मेगापिक्सेलचा. लेन्स ९० एमएम मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची, जुनी विकत घेतलेली. एफ ८ ला काढते (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा, तो जितका मोठा तितकं छिद्र बारीक). एफ १६ करून पाहिलं, तरी तेच.

लेन्स दुरुस्त करणाऱ्या एकाकडे नेली होती. त्यांनी पाच मिनिटं पाहून "आतलं भिंग सरकलंय, नवीनच घ्या" असं सांगितलं. मन धजत नाही. बाकी फोटो नीट येतात मग फक्त थेंबातच का बिघडावं?

पणजीवाली | २२ फेब्रुवारी, सकाळी १०:५०

काय सुंदर आहे प्रचि २! त्या पंख्यावरच्या शिराही दिसताहेत. उत्तर माहीत नाही, पण धागा वर काढते.

मांडवीकाठ | २२ फेब्रुवारी, दुपारी १२:०५

एफ २२ ला जा, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवा. छिद्र जितकं बारीक तितकी स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट येतो ती, जास्त. क्लोजअपमध्ये एफ ८ फारच उघडं होतं.

खांडेपार | २२ फेब्रुवारी, दुपारी १:३०

मांडवीकाठ, तत्त्व बरोबर आहे पण आकडे साथ देत नाहीत. सेन्सरवरची प्रतिमा वस्तूएवढीच येते तेव्हा, म्हणजे एकास एक मोठेपणाला, एपीएस-सी सेन्सरवर एफ ८ ला स्पष्टतेची खोली अर्ध्या मिमीच्या जरा वर, नीट सांगायचं तर ०.६ मिमी. एफ १६ ला १.३ मिमीच्या आत. एफ २२ ला पावणेदोन. तांदळाच्या दाण्याच्या जाडीचा हिशोब आहे हा.

शिवाय एकास एकला लेन्स सेन्सरपासून लांब गेलेली असते, त्यामुळे लिहिलेला एफ १६ प्रत्यक्षात एफ ३२ सारखा वागतो. उजेड चौथाईवर येतो, आणि इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो म्हणून सगळाच फोटो मऊ पडतो. तेव्हा छिद्र बारीक करत जाणं हा उपाय एका मर्यादेपर्यंतच.

कुळागरातली, लेन्स बदलू नका. दोन्ही फोटोंत जिथे फोकस आहे तिथे धार उत्तम आहे. भिंग सरकलं असतं तर एक बाजू कायम मऊ आली असती. पण थेंब फार तर ३ मिमीचा असेल, मग थेंबातलं चित्र थेंबाच्या कडेपासून इतकं लांब का जावं, हे मलाही नीट सांगता येणार नाही. चित्र थेंबाच्या मागच्या पृष्ठावर पडत असावं का?

डिचोलीचा_मास्तर | २२ फेब्रुवारी, रात्री ८:४०

चित्र थेंबाच्या मागे पडत नाही, आणि आतही पडत नाही. ते थेंबाच्या अलीकडे, म्हणजे तुमच्या लेन्सच्या बाजूला, हवेत पडतं. मी तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. घाई असेल त्यांनी शेवटचा परिच्छेद वाचावा.

थेंब हे बहिर्वक्र भिंग आहे, तेही सगळ्या बाजूंनी गोल. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे ते प्रकाश किती वाकवतं त्याचा आकडा, १.३३. गोल भिंगासाठी गणित मांडलं तर पाण्याच्या गोळ्याचं नाभीय अंतर (लांबून आलेले किरण जिथे एकत्र येतात तिथपर्यंतचं) त्याच्या केंद्रापासून त्रिज्येच्या दुप्पट निघतं. म्हणजे लांबच्या वस्तूची प्रतिमा थेंबाच्या पृष्ठभागाबाहेर, आणखी एक त्रिज्या पुढे तयार होते. प्रतिमा वास्तव आहे, म्हणजे कागदावर पकडता येणारी, म्हणून उलटी.

आता ताईंचा थेंब घेऊ. व्यास ३ मिमी, त्रिज्या दीड. आबोली मागे समजा ५ सेंटिमीटरवर. प्रतिमा पडते केंद्रापासून सुमारे ३.२ मिमीवर. आपल्याला थेंबाची जी कड दिसते ती त्याच्या मधल्या, सर्वांत रुंद भागाची असते, म्हणजे ती केंद्राच्या पातळीत. कड एका जागी आणि फूल तिच्या ३.२ मिमी अलीकडे! खांडेपार यांनी दिलेली खोली एफ १६ ला १.३ मिमी. दोन्ही एका फोटोत कशी मावणार? लेन्स निर्दोष आहे, तिने जे जिथे होतं ते तिथेच दाखवलं.

विश्वास बसत नसेल तर सोड्याच्या बाटलीतली गोटी घ्या. (आमच्या लहानपणी ती मिळवायला बाटली फोडावी लागे. आता खेळायची पारदर्शक गोटी बाजारात मिळते, तीही चालेल.) खोलीत अंधार करा, एक खिडकी उघडी ठेवा. खिडकीसमोर गोटी धरा आणि खिडकीच्या उलट बाजूला गोटीला जवळजवळ लागून पांढरा कागद आणा. कागदावर खिडकी उमटेल, गज खाली-वर झालेले, बाहेरचं झाड उलटं. काच पाण्यापेक्षा जास्त वाकवते म्हणून तिथे प्रतिमा गोटीच्या अगदी जवळ, पृष्ठभागापासून अर्ध्या त्रिज्येवर पडते. पण गोटीच्या बाहेर पडते हे डोळ्यांनी दिसतं. वर्गात हा प्रयोग केला की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे येत.

इतक्या साध्या भिंगाची ताकद फार मोठी आहे. लेव्हेनहूक या डच कापडव्यापाऱ्याने १६७०च्या दशकात एकाच बारीक भिंगाच्या सूक्ष्मदर्शकातून जिवाणू पाहिले. ते भिंग तुमच्या थेंबाएवढंच, किंवा त्याहूनही लहान होतं.

व्यवहारात: आधी कडेवर फोकस करा. मग फोकसला हात न लावता कॅमेरा ३ मिमी मागे, स्वतःकडे घ्या. आबोली तिथे उभी असेल.

कुळागरातली | २३ फेब्रुवारी, सकाळी ९:०५

मास्तर, काल रात्री वाचलं आणि झोपच येईना. पहाटे उठून आधी भाच्याच्या गोट्यांच्या डब्यातून एक पारदर्शक गोटी काढली. माजघरात अजून अंधार होता, खिडकीबाहेर नुकतं उजाडत होतं. कागदावर आमच्या अंगणातला माड उलटा उभा राहिला, झावळ्या खाली, आणि वारा आला तशा त्या हलल्याही. आईला हाक मारली. तिने पाहिलं, काही बोलली नाही, गोटी हातात घेऊन स्वतः पुन्हा करून पाहिलं.

मग वाफ्यावर गेले. कडेवर फोकस, आणि कॅमेरा मागे, अगदी किंचित. कॅमेरा खाली ठेवलेल्या पुस्तकावर होता, पुस्तकच मागे ओढत गेले. आबोली आली. लेन्स दुरुस्तीचा विषय डोक्यातून गेला. देव बरें करूं.

पण दोन्ही एकत्र हवंच आहे. आणि थेंबात फूल मोठं दिसावं, तर कधी भलतंच बारीक दिसतं. अंतराचं काही गणित आहे का?

डिचोलीचा_मास्तर | २३ फेब्रुवारी, दुपारी ४:२०

आहे, आणि पाण्याच्या बाबतीत ते इतकं सुटसुटीत निघतं की मलाही मांडल्यावर आनंद झाला. नाभीय अंतर त्रिज्येच्या दुप्पट म्हणजे थेंबाच्या व्यासाएवढंच. त्यामुळे फुलाची रुंदी भागिले फुलाचं अंतर काढा, तेवढा भाग थेंबाचा भरतो. थेंब लहान असो वा मोठा. आबोली ३ सेंटिमीटर रुंद, ती ३ सेंटिमीटरवर असेल तर थेंब काठोकाठ भरेल, ६ वर असेल तर निम्मा. कडेला चित्र वाकडं होतं, म्हणून काठोकाठ भरू नये. साडेचार-पाच सेंटिमीटर ठेवा. जास्वंद घेतली तर याच्या तिप्पट-चौपट मागे न्यावी लागेल.

खांडेपार | २३ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:१०

मास्तरांना सलाम. वर मी थेंबाच्या मागे म्हणालो होतो ते चुकलं, आज गोटीने खात्री केली.

दोन्ही एकत्र हवं असेल तर दोन वाटा. एक, दोन फोटो काढायचे, एक कडेवर, एक आबोलीवर, आणि जोडायचे. ह्युगिन नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्याच्यासोबत एनफ्यूज येतं, त्यात होतं. पण दोन फोटोंमध्ये पातं हललं की संपलं. बांबूची काडी जमिनीत रोवून तिला कपड्यांचा चिमटा बांधायचा आणि पातं थेंबापासून दोन-तीन इंच खाली हलकेच धरायचं. चिमट्याच्या तोंडाला कापूस लावा, पातं चेपत नाही. वाऱ्याच्या बाजूला छत्री उघडी ठेवा.

दुसरी वाट मास्तरांच्या गणितातूनच दिसते. थेंब लहान घ्या! दीड मिमीचा थेंब असेल तर कड आणि फूल यांतलं अंतरही दीड मिमीच्या जवळपास येतं. एफ १६ ला ते जवळजवळ मावतं. थेंब फ्रेममध्ये लहान दिसेल, पण एकाच फोटोत सगळं मिळेल.

तिसवाडी_९ | २३ फेब्रुवारी, रात्री १०:३०

एवढा खटाटोप कशाला? ग्लिसरीन आणि पाणी समप्रमाणात मिसळा, इंजेक्शनच्या सिरिंजने हवा तिथे, हवा तेवढा थेंब लावा. सुकत नाही, घसरत नाही, दुपारी बारालाही काढा. मी शहरात फ्लॅटमध्ये राहतो. बाल्कनीत दव कुठून येणार? माझे चार झब्बू (उत्तरादाखल फोटो) खाली देतोय. जर्बेरा मागे, गवताचं पातं पुढे, सगळं जेवणाच्या टेबलावर.

काजूमळा | २४ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

तिसवाडी, फोटो चांगले आहेत, त्यात वाद नाही. टेबलावर करा, बाजारातल्या फुलांवर करा. पण या धाग्यावर नवीन माणसंही वाचतात, म्हणून झाडावरच्या फुलांबद्दल मला लिहायलाच हवं.

माझी काजूची बाग आहे. फेब्रुवारीत फोटो काढायला लोक येतात, मी कुणाला अडवत नाही. मागच्या वर्षी एकाने स्प्रेची बाटली आणली आणि मी पोचेपर्यंत आठ-दहा झाडांचा खालचा मोहोर भिजवून ठेवला होता. "फक्त पाणीच आहे," म्हणाला. कोकण-गोव्यातल्या आंबा-काजूवाल्याला विचारा, मोहोराच्या दिवसांत ढगाळ, दमट हवा आली की त्याला झोप का लागत नाही. मोहोर ओला राहिला की करपा हा बुरशीचा रोग धरतो. हवेत ओल राहिली की आंब्याच्या मोहोरावर भुरी येते, पांढरी पिठी धरल्यासारखी, आणि मग तो गळतो. त्यातच परागकण. बऱ्याच फुलांचे परागकण साध्या पाण्यात फुगतात आणि फुटतात. एक फुलोरा भिजवणं म्हणजे त्यातल्या काही बोंडांवर आधीच पाणी सोडणं.

ग्लिसरीनचं तर विचारूच नका. ते फुलात चिकटून बसतं, त्यावर धूळ बसते, मुंग्या आणि बारीक माशा अडकतात. ते वाळून उडूनही जात नाही.

काजूचं फूल जवळून पाहिलंय का कुणी? एवढंसं, सेंटिमीटरभर. पाच पाकळ्या, टोकं मागे वळलेली. उमलताना फिकट पांढरी आणि मग एकेक गुलाबी रेघ चढत जाते, दोन-तीन दिवसांत सगळी लालसर. एकाच झुबक्यात सगळ्या वयाची फुलं. त्याला थेंबाची गरजच नाही. या, फोटो काढा, कितीही वेळ बसा, चहा देतो. पाणी मारू नका.

रातराणी | २४ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

काजूमळा यांना संपूर्ण अनुमोदन. यात आणखी एक भर. पहाटे दवात भिजलेले चतुर आणि फुलपाखरं थंडीने बधिर होऊन फुलांवर बसलेली असतात. त्यांच्यावर वरून पाणी मारलं की ऊन येईपर्यंत बिचारी उडू शकत नाहीत आणि पक्ष्यांना आयती सापडतात. कृपया असं करू नका.

तिसवाडी_९ | २४ फेब्रुवारी, सकाळी ११:१५

काजूमळा, मी बागेत कधी वापरलं नाही, पण लिहिताना ते सांगायला हवं होतं. वरच्या माझ्या प्रतिसादात ही सूचना असायलाच हवी. ग्लिसरीन फक्त तोडलेल्या, विकतच्या फुलांवर आणि घरात.

मास्तरांना एक प्रश्न: ग्लिसरीनच्या थेंबात कड आणि फूल यांतलं अंतर मला कमी जाणवतं. भास आहे का?

डिचोलीचा_मास्तर | २४ फेब्रुवारी, रात्री ९:००

भास नाही. निम्मं ग्लिसरीन असलेल्या द्रावाचा अपवर्तनांक १.४०च्या आसपास. प्रतिमा त्रिज्येच्या दुपटीऐवजी पावणेदोन पटीवर येते. लांबच्या फुलासाठी ३ मिमीच्या थेंबात साधारण २.६ मिमी, पाण्यात ३. तुमची नजर तयार आहे.

पायवाट | २५ फेब्रुवारी, सकाळी ६:५५

मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी. पहिल्या प्रतिसादापासून एक गोष्ट मनात होती. कुळागरातली ताई, तुमच्या प्रचि १ मधला थेंब बहुधा दव नाहीच!

दव कसं पडतं? स्वच्छ आकाशाच्या, शांत रात्री पानं आपली उष्णता आकाशाकडे सोडतात आणि भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतात. मग हवेतली वाफ त्यांच्यावर जमते. ती सगळीकडे जमते, पानभर, पाकळीभर, कोळ्याच्या जाळ्यावर, बारीक बारीक कणांत. तुमच्या फोटोत पातं मधे कोरडं आहे आणि फक्त टोकाला एकच टपोरा थेंब. हे पाणी गवताने स्वतः बाहेर टाकलेलं आहे. रात्री पर्णरंध्रं मिटलेली असतात, जमीन ओली असते, मुळं पाणी वर ढकलत राहतात, आणि ते पानाच्या टोकाशी किंवा कडेला असलेल्या खास छिद्रांतून थेंब होऊन बाहेर येतं. याला बिंदुस्राव म्हणतात. अळूच्या पानाच्या टोकाशीही पहाटे हाच थेंब दिसतो.

हे कळल्याचा फायदा असा की दव पडणं आपल्या हातात नाही, बिंदुस्राव थोडाफार आहे. संध्याकाळी उशिरा वाफ्याच्या मातीला भरपूर पाणी द्या. पानांवर नाही, फुलांवर नाही, फक्त मुळाशी. रात्र दमट असेल तर पहाटे पात्यांच्या टोकांना थेंब असतील, दव असो वा नसो. काजूमळा यांची हरकत नसावी, कारण फुलाला पाणी लागतच नाही.

थेंब गोल का राहतो हे कुणी विचारणार असेल म्हणून: अळवावरचं पाणी आपण म्हणीत वापरतो, ते पान भिजतच नाही, कारण त्यावर मेणाचे इतके सूक्ष्म उंचवटे असतात की थेंब टोकांवर तरंगतो. कमळाचंही तेच. १९९७ मध्ये बार्थलॉट आणि नाईनहुइस या जर्मन शास्त्रज्ञांनी कमळाच्या पानाचा हा गुण आणि त्यामुळे पान स्वच्छ कसं राहतं, ते मांडलं. गुलाबाची पाकळी उलट. तिच्यावरही थेंब गोल राहतो, पण पाकळी उलटी धरली तरी पडत नाही. फोटोसाठी म्हणूनच गुलाब सोपा, अळू अवघड.

आणि खऱ्या "दवबिंदू" वनस्पतीला विसरू नका! आपल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, पावसाळा सरताना सापडते ती ड्रोसेरा, लाल केसांच्या टोकांना चमकणारे थेंब. ते पाणी नाही, चिकट स्राव आहे. कीटक त्यावर बसला की अडकतो. सप्टेंबरमध्ये त्यावर वेगळा धागा काढेन.

काजूमळा | २५ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

हरकत कसली! मुळाशी पाणी तर आम्ही द्यायचंच म्हणतो. पायवाट, बाय, फार छान समजावलंस.

पणजीवाली | २५ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

माझ्याकडे फक्त फोन आहे. काही करता येईल का?

खांडेपार | २५ फेब्रुवारी, दुपारी २:००

येईल. फोनमध्ये मॅक्रो पर्याय असेल तर तो बहुतेक रुंद कोनाच्या लेन्सवर चालतो आणि दोन-तीन सेंटिमीटरवर जाऊन फोकस करतो. इतक्या जवळ गेलं की फोनची सावली थेंबावर पडते, म्हणून उजेड बाजूने यायला हवा. चिमट्याने लावायचं बाहेरचं भिंग मिळतं, त्याने थोडं लांबून जमतं. सेन्सर बारीक असल्यामुळे स्पष्टतेची खोली फोनला आमच्यापेक्षा सहज मिळते, कड आणि फूल यांचं भांडण कमी होतं.

उजेडाबद्दल सगळ्यांसाठीच एक: थेंब भोवतालचं सगळं परत दाखवतो. फ्लॅश मारला की पांढरा टिंब बसतो, तो काढता येत नाही. मोकळं आकाश असेल तर थेंबाच्या माथ्यावर मऊ उजेडाची चकती येते, ती हवी. जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा ताणून वर धरला तरी चालतं. मागे गडद काही असेल तर थेंबाची कड उजळते, मागे पांढरं असेल तर कड काळी उमटते. काचेच्या वस्तूंचे फोटो काढणारे हेच करतात. गडद लाल जांभ्याच्या चिऱ्यांसमोर थेंब फार सुरेख येतो.

मांडवीकाठ | २६ फेब्रुवारी, रात्री ८:१५

अवांतर, पण पहाटे दवात फिरणाऱ्यांना सांगावंसं वाटतं. भिजलेला कॅमेरा तसाच पिशवीत टाकू नका. माझ्या लेन्समध्ये दोन पावसाळ्यांत बुरशी धरली, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे भिंगावर पसरले. साफ करायला दिली तर परत आली ती आतल्या भिंगावर ओरखडा घेऊन. आता मी हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवतो, सोबत पाचशे रुपयांत मिळालेला आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे राहील असं बघतो. जेल ओलं झालं की मंद आचेवर परततो, ते पुन्हा वापरता येतं.

कुळागरातली | ६ मार्च, सकाळी ९:३०

उशीर झाला, मधे शिगम्याची गडबड होती. रात्री मांडावर ढोल-ताशे, सकाळी डोळे उघडत नव्हते.

पायवाट यांनी सांगितल्याप्रमाणे तीन संध्याकाळी वाफ्याच्या मातीला पाणी दिलं. पहिल्या दोन दिवशी पहाटे दवही होतं, त्यामुळे काही कळलं नाही. काल रात्री मात्र ढग होते. सकाळी अंगणातली घोंगडी कोरडी, जाळी कोरडी, करवंदीची फुलं कोरडी. वाफ्याशी गेले तर प्रत्येक पात्याच्या टोकाला एकेक थेंब. आबोली मागे अगदी कोरडी.

खांडेपार यांच्या चिमट्याने पातं धरलं, आबोलीपासून पाच सेंटिमीटरवर, आईच्या शिवणाच्या टेपने मोजून. मोठ्या थेंबाचे दोन फोटो घेतले, कडेचा आणि फुलाचा, ते जोडून प्रचि ३. ठीक आलाय.

मग कॅमेरा सरकवताना माझाच धक्का काडीला लागला आणि थेंब गळून पडला. मला वाटलं, झालं. पण उठायला गेले तर टोकाशी पुन्हा काहीतरी चमकलं. टाचणीच्या डोक्याएवढं. मी तशीच पडून राहिले. ते इतकं हळू वाढत होतं की वाढताना दिसत नव्हतं, नजर काढून पुन्हा पाहिलं की मोठं वाटायचं. त्यात आधी नुसता केशरी ठिपका होता. मग ठिपक्याला आकार आला, मग पंखा उघडला, वरच्या दिशेला. साधारण दीड मिमी झाला असेल तेव्हा एफ १६ ला, आयएसओ १६००, श्वास धरून नऊ फोटो घेतले. आठव्यात कड आहे, पात्याची लव आहे आणि आबोलीही आहे. थेंब फ्रेममध्ये लहान आहे, धार प्रचि ३ पेक्षा थोडी मऊ आहे. मला हाच आवडतो. प्रचि ४.

मास्तर, आईने तुमची गोटी देवघराच्या खिडकीत ठेवली आहे. संध्याकाळी शेजारच्या मुलांना बोलावून कागदावर माड दाखवते.

काजूमळा, रविवारी यायचं म्हणते. मोहोर अजून आहे ना?

काजूमळा | ६ मार्च, सकाळी १०:०५

खालच्या अंगाला आहे. वर बोंडं धरायला लागली. साडेसहाच्या आत या, आठ वाजल्यापासून मधमाश्या फार होतात.